भरोसा आणि बिल



मागच्या महिन्यात कोरपना तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. काळी जमीन, सगळा पऱ्हाटीचा पट्टा. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. एका ताईंनी सहा पाकिटं सरकीसाठी कर्ज मागितलं. कोणतं बियाणं घेणार, असं आम्ही विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "तेच जी, तणनाशकवालं. निंदण लागत नाही म्हणते." बिल मिळणार का? "बिल मागतलं त तो भाऊ म्हणते, वहिनी, माह्यावर भरोसा नाही काय?"

बैठक गप्प झाली. कारण तो भाऊ परका नाही. अडीनडीला तोच उधार देतो, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला त्याचीच गाडी येते. त्याच्यावर भरोसा नाही असं कोण म्हणणार? आणि दुसरीकडे गटाचे पैसे. दहा-बारा जणींनी महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेले.

त्या दिवशी आम्ही निर्णय पुढं ढकलला. पंधरा दिवसांनी बसू, असं ठरलं. मधल्या काळात आम्ही समन्वयक बाया एकत्र बसलो. जुनी कात्रणं काढली, कृषी सहायकांना विचारलं, म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं. बियाण्यावरचा भरोसा आपल्याकडं कसा होता, तो पाकिटात कसा गेला आणि बिनबिलाच्या पाकिटापर्यंत कसा आला, याचा इतिहास आम्ही गोळा केला. तोच आज तुम्हाला सांगतो आहोत.

आधी घरातलं बियाणं. आपल्या आज्या धानाचं बियाणं कणगीत ठेवत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून. सरकी शेण-मातीत चोळून मोकळी करत आणि मग टोबत. बियाणं कमी पडलं तर शेजारणीकडून आणायचं आणि सुगीला सवाईनं परत द्यायचं. त्या व्यवहाराला कागद नव्हता, पण बियाणं कोणत्या शेतातलं, कोणाच्या हातचं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. उगवलं नाही तर कोणाच्या दारात जायचं तेही ठाऊक असायचं. म्हणजे भरोशाला तोंड होतं, नाव होतं.

तो काळ सोन्याचा होता असं आम्ही म्हणत नाही. पीक कमी यायचं, अळी बोंडं पोखरून टाकायची, उपासमारीची वर्षंही त्याच काळातली. म्हणूनच संकरित बियाणं आलं तेव्हा लोकांनी ते आनंदानं घेतलं. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 हा कापसाचा पहिला संकरित वाण आला. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. पहिल्या वर्षी पीक जोमदार येतं, पण त्याचीच सरकी दुसऱ्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून दरवर्षी नवं बियाणं विकत घ्यायचं. कापसाचं बियाणं बाईच्या हातातून दुकानात गेलं ते तेव्हापासून. बीटी त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी आलं.

धानाकडं मात्र वेगळं घडत होतं, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. तिसरीपर्यंत शिकलेले, थोड्याशा जमिनीचे धनी. 1983 च्या सुमारास त्यांना आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या. असं वर्षानुवर्षं निवडत त्यांनी एक वाण तयार केला. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे मोठी शान. तेच नाव त्या धानाला बाजारात पडलं. आज आपल्या ताटातला एचएमटी तांदूळ तो हाच. पुढं त्यांनी आणखीही वाण काढले.

1994 मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं. 1998 मध्ये विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' नावाचा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं असं, की बियाणं शुद्ध करण्याचं काम आम्ही केलं. दादाजींचं म्हणणं असं, की वाण माझा, मग माझं नाव कुठं? 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, 2010 मध्ये 'फोर्ब्स' मासिकानं त्यांची दखल घेतली. पण त्या धानावर गिरण्या आणि व्यापारी मोठे झाले, तसा मोबदला दादाजींच्या घरी आला नाही.

ही गोष्ट आम्ही आधी सांगितली, कारण पुढं कंपन्यांचं सांगणार आहोत. भरोसा फक्त परदेशी कंपनीच मोडते असं नाही. आपल्या सरकारी विद्यापीठानंही पाच किलो बियाणं नेताना नाव आणि हक्क कागदावर पक्का केला नव्हता. दादाजींनी बियाणं भरोशानं दिलं. देणाऱ्याकडं कागद नसला की पुढं त्याचं म्हणणं फक्त म्हणणंच राहतं.

आता कापसाकडं येऊ. जालन्यात 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. आपल्या मातीतली, मराठवाड्यातली कंपनी. बारवाले यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीनं महिकोचे 26 टक्के भाग घेतले. दोघांनी मिळून महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी काढली आणि बीटी कापूस आणला.

बीटी म्हणजे काय, हे सोपं करून सांगतो. मातीत एक जिवाणू असतो, त्याच्या नावाची दोन अक्षरं म्हणजे बीटी. तो जे विष तयार करतो त्यानं बोंडअळी मरते. ते विष तयार करणारा जनुक शास्त्रज्ञांनी कापसाच्या झाडात घातला. मग झाडच ते तयार करतं, आणि पान-बोंड खाणारी अळी मरते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी मात्र त्यानं मरत नाहीत. हे वाक्य कितीजणींना दुकानात सांगितलं गेलं? आम्ही बऱ्याच गटांत विचारलं. "सगळी कीड मरते" असंच बहुतेकींनी ऐकलेलं.

सरकारी परवानगी 26 मार्च 2002 ला मिळाली, तीन वाणांना. पण त्याआधीच, 2001 मध्ये, गुजरातमध्ये 'नवभारत 151' नावाचं बियाणं शेतात सापडलं. त्यात तोच बीटी जनुक होता आणि परवानगी नव्हती. म्हणजे आपल्या देशात बीटी कापूस कायद्याच्या दारानं येण्याआधी खिडकीतून आला. 'चोर बीटी' हा शब्द आज आपण वापरतो, त्याची सुरुवात तिथली.

पाकीट 450 ग्रॅमचं. किंमत सुरुवातीला सोळाशे रुपये आणि त्याहूनही वर. त्यातला मोठा भाग, एका वेळी सुमारे 1,250 रुपये, फक्त जनुकाच्या हक्काचा. आंध्र प्रदेश सरकारनं 2006 मध्ये याविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडं तक्रार केली. आयोगानं कंपनीला हक्काची रक्कम कमी करायला सांगितलं आणि पाकीट 750 रुपयांवर आलं. विचार करा बायांनो, सरकार भांडलं नसतं तर भाव उतरला नसता. पुढं केंद्र सरकारनंच भाव ठरवायला सुरुवात केली. 2016 मध्ये बॉलगार्ड-2 चं पाकीट 800 रुपये, त्यात जनुकाचा हक्क 49 रुपये. 2020 पासून तो हक्क शून्य. 2025 च्या खरिपाला 475 ग्रॅमच्या पाकिटाचा जास्तीत जास्त भाव 901 रुपये होता.

सुरुवातीला फायदा झाला, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या. देशात 2002-03 मध्ये हेक्टरी सुमारे 300 किलो रुई निघत होती, ती 2007-08 मध्ये 550 च्या आसपास गेली. त्यात चांगला पाऊस, गुजरातमधलं ओलीत आणि वाढलेलं खत यांचाही वाटा होता. पण आपली कोरडवाहू जमीन, हलकी रानं, पावसाचा खंड. तिथं तेच महाग बियाणं घेऊन, तेच खत घालून, पीक मात्र आभाळाच्या मर्जीवर.

आता त्या छोट्या पाकिटाचं सांगतो. आमच्या मते सगळ्या इतिहासातला हाच मुख्य भाग आहे. मोठ्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं एक वेगळं पाकीट यायचं, बिगर-बीटी सरकीचं. ते बीटी पऱ्हाटीच्या कडेनं निदान पाच ओळी लावायचं, असा नियम होता. कशासाठी? अळीला वाटा म्हणून. सगळीकडं बीटीच लावली तर लाखात एखादी जी न मरणारी अळी असते, तीच उरते. तिचं पाखरू तशाच दुसऱ्या पाखराशी जुळतं आणि सगळी पिल्लं न मरणारी निपजतात. कडेला साधी पऱ्हाटी असली तर तिथं साधी पाखरंही वाढतात, दोन्ही जुळतात, आणि पिल्लं बीटीनं मरत राहतात. म्हणजे ते छोटं पाकीट पुढच्या दहा वर्षांचा विमा होता.

तुमच्या घरी त्या पाकिटाचं काय झालं? आमच्या घरी ते गोठ्यात पडून राहायचं. कोणी बैलाला घातलं, कोणी फेकलं. अर्धा एकर जमीन असलेली बाई पाच ओळी अळीला का देईल? तिला कोणी कारणच सांगितलं नाही. टोबणी बाया करतात. प्रशिक्षण मात्र पुरुषांचं, तेही तालुक्याला, तेही कधीतरी. माहितीपत्रक पाकिटात घडी घालून, बारीक अक्षरात. नियम कागदावर पाळला गेला. कंपनीनं पाकीट दिलं, दुकानदारानं विकलं, अधिकाऱ्यांनी नोंद केली. शेतात मात्र ते पोचलं नाही, आणि पोचलं का हे बघायला कोणी आलं नाही. आता ती साधी सरकी त्याच पाकिटात मिसळून देतात, म्हणूनच वजन 475 ग्रॅम झालं. ही सुधारणा चांगली आहे, पण फार उशिरा आली.

मार्च 2010 मध्ये मोन्सॅन्टोनं स्वतःच जाहीर केलं, की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. कंपनीनं हे लपवलं नाही, याचं श्रेय तिला द्यावं लागेल. पण कारण सांगताना बोट दाखवलं ते शेतकऱ्यांकडं. कडेची पऱ्हाटी लावली नाही आणि बेकायदा बियाणं वापरलं, म्हणून असं झालं. आणि उपाय? नवं बॉलगार्ड-2 घ्या.

त्याच काळात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं एक चांगली वाट काढू पाहिली होती. 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरकारी वाण आणला. तो संकरित नव्हता, म्हणजे शेतकऱ्याला त्याची सरकी राखून पुन्हा पेरता आली असती. आपल्या विदर्भातून सरकारी, घरी राखता येणारा बीटी कापूस! पण त्यात मोन्सॅन्टोचाच जनुक आढळला. वाण मागं घ्यावा लागला आणि सोपोरी समितीनं त्याची चौकशी केली. हेही नागभीडच्या गोष्टीसारखंच. सरकारी संस्थेचं नाव आहे म्हणून डोळे मिटून भरोसा ठेवावा, असं नाही.

आता वर्तमानपत्राची गोष्ट. 2008 च्या ऑक्टोबरअखेर 'टाइम्स ऑफ इंडिया'त पानभर मजकूर आला. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांत बीटी कापसानं समृद्धी आली, तिथं एकही आत्महत्या झाली नाही, असं त्यात होतं. तिथवरचा प्रवास कंपनीनं घडवला, अशी बारीक ओळ खाली होती. 28 ऑगस्ट 2011 ला तोच मजकूर, शब्दाला शब्द, पुन्हा छापला गेला, या वेळी पैसे देऊन, जाहिरात म्हणून. मार्च 2012 मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला आली. खासदारांसमोर गावकरी उठून म्हणाले, आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं मे 2012 मध्ये 'द हिंदू'त मांडलं.

मैत्रिणींनो, आत्महत्येला एकटं बियाणं कारण नसतं. कर्ज, भाव, पाऊस, आजारपण, दारू, कितीतरी गाठी असतात. आम्ही कंपनीवर ते खापर फोडत नाही. पण ज्या गावात घराघरांत दुःख आहे, त्या गावाला सुखाचं चित्र म्हणून छापायचं, ही कोणती रीत? त्या घरच्या विधवेनं ते पान बघितलं असेल तर तिला काय वाटलं असेल? कंपनीवरचा भरोसा अळीनं जितका खाल्ला, तितकाच अशा पानांनी खाल्ला.

याच इतिहासात एक चांगलं पानही आहे. महिकोचं बीटी वांगं येणार होतं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. 27 जानेवारी 2010 ला नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपनीचे लोक, विरोधक सगळे एका सभागृहात. आरडाओरडाही झाला. पण विचारलं गेलं. 9 फेब्रुवारी 2010 ला मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय बरोबर की चूक, यावर अजून वाद आहे. आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचं आहे, की खाणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला आधी विचारता येतं. कापसाच्या वेळी आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग आलं 2017. ते वर्ष कोण विसरेल? वरून बोंड हिरवं, टवटवीत. फोडलं की आत शेंदरी अळी. वेचणीला गेलं की कवडी कापूस. बॉलगार्ड-2 सुद्धा अळीला रोखत नव्हतं. अनेकांनी डिसेंबरनंतर फरदड ठेवली होती, त्यामुळं अळीला बारमाही घर मिळालं होतं, ही आपलीही चूक. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले.

डिसेंबर 2017 मध्ये नागपूर अधिवेशनात राज्य सरकारनं मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये. त्यातले 6,800 आपत्ती निधीतून, 8,000 विम्यातून आणि 16,000 बियाणे कंपन्यांकडून. बियाणे कंपन्यांनी ही जबाबदारी आमची नाही असा पवित्रा घेतला आणि त्या 16,000 चं भिजत घोंगडं पडलं. तक्रारीचा एक अर्ज होता, 'जी फॉर्म'. त्यात कोणतं बियाणं, कोणती कंपनी, कुठून घेतलं, हे सगळं भरायचं होतं.

आमच्या गटांतल्या बाया तेव्हा घरभर बिलं शोधत होत्या. एकीला उधारीची चिठ्ठी सापडली, तिच्यावर फक्त 'सरकी 4' आणि रक्कम. एकीच्या बिलावर दुसऱ्याच वाणाचं नाव. एका ताईंचा नवरा आदल्या वर्षी वारलेला, शेत त्याच कसत होत्या, पण बिल दिराच्या नावावर आणि सातबारा सासऱ्यांच्या. दुकानदाराकडं गेल्या तर तो म्हणाला, आता जुनं बिल कुठून देऊ? नुकसान सगळ्यांचं सारखं होतं. सिद्ध करता आलं ते ज्यांच्याकडं कागद होता त्यांनाच. आपल्याकडं म्हण आहे ना, भरवशाच्या म्हशीला टोणगा. त्या वर्षी घरोघरी तेच झालं.

आणि तरीही त्यानंतर बिनबिलाचं बियाणं वाढलं, कमी झालं नाही. तणनाशक सहन करणारा बीटी कापूस सीमेपलीकडून, हातोहात, रात्रीच्या गाडीनं आपल्या तालुक्यांत येतो. केंद्राच्या समितीनं त्याला परवानगी दिलेली नाही. 10 जून 2019 ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं तो उघडपणे पेरला. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी निदान जे केलं ते दिवसाढवळ्या, नाव सांगून केलं. गावात जे पाकीट येतं त्यावर खरं नाव नसतं. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

बाया ते का घेतात, हे आम्हाला कळतं. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर रोज परवडत नाही. स्वतःची कंबर मोडते. पण हेही बघा, गटातल्या भूमिहीन बाईचं पावसाळ्याचं पोट निंदणावरच आहे. एकीची बचत ती दुसरीची मजुरी. आणि तणनाशकाचा फवारा बांधावरच्या अंबाडीवर, कडेच्या तुरीवर, वाऱ्यानं शेजारच्या धानाच्या बांधीत जातो. हा प्रश्न सरकारनं आणि शास्त्रज्ञांनी आपल्याशी बोलून सोडवायला हवा. तो सुटेपर्यंत जोखीम मात्र एकट्या बाईनं घ्यायची, असं चाललं आहे.

2018 च्या जून महिन्यातल्या दोन तारखा आम्ही वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवल्या आहेत. 3 जूनला दादाजी खोब्रागडे गेले. 7 जूनला जर्मनीच्या बायर कंपनीनं मोन्सॅन्टो विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला, सुमारे 63 अब्ज डॉलरला, म्हणजे आपल्या चार लाख कोटी रुपयांहून जास्त. मोन्सॅन्टो हे नावही बायरनं काढून टाकलं. कंपनी नाव बदलू शकते. मालक बदलू शकतो. म्हणून आपला भरोसा नावावर ठेवून चालत नाही. जबाबदारी कोणाची, हे लिहिलेल्या कागदावर ठेवावा लागतो.

कायदा आपल्या बाजूनं काय म्हणतो तेही ऐका. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी आपलं बियाणं राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाण कंपनीच्या नावानं पाकीटबंद करून विकायचा नाही. नोंदणी झालेल्या वाणानं सांगितल्यासारखं पीक दिलं नाही, तर भरपाई मागण्याची सोयही त्यात आहे. 16 जानेवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खराब बियाण्यासाठी शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात जाता येतं. या सगळ्या दारांची किल्ली एकच, बिल. चोर बीटीवाल्या बाईसाठी यातलं एकही दार उघडत नाही. उलट तिलाच विचारतील, हे बियाणं आणलं कुठून?

पंधरा दिवसांनी त्या गावात पुन्हा बैठक झाली. हा सगळा इतिहास आम्ही तिथं सांगितला. एक म्हातारी मावशी ऐकून म्हणाल्या, "आमच्या वक्ताला बिल नव्हतं, पण देणारीचं दार होतं. आता दार नाही, त बिल पाह्यजे." त्यावर फार चर्चा उरली नाही.

गटानं ठराव लिहिला. बियाण्यासाठी अंतर्गत कर्ज मिळेल, पण आठ दिवसांत पक्कं बिल दाखवायचं. बिलावर तारीख, कंपनी, वाण, लॉट नंबर, किंमत आणि दुकानाचा परवाना क्रमांक असावा. रिकामं पाकीट, त्यावरचा टॅग आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायची. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज, पोच घेऊन. डिसेंबरनंतर फरदड नाही. आणि जी बाई शेत कसते, बिल तिच्या नावावर.

त्या ताई दोन दिवसांनी भावाच्या दुकानी गेल्या. सोबत गटाच्या दोघी होत्या. आधी तो रुसला. ताई म्हणाल्या, "भाऊ, भरोसा हाय म्हणूनच तुह्याकडं आलो. बिल मात्र गटाला पाह्यजे." त्यानं थोडा वेळ घेतला आणि परवानगी असलेल्या वाणाची चार पाकिटं काढून दिली, ठरलेल्या भावात. दोन पाकिटांचे पैसे वाचले, त्यात निंदणासाठी गटातल्याच दोघींना सांगून ठेवलं आहे.

ते बिल परवा आम्हाला बैठकीत दाखवलं. त्या सतरा वर्षांपासून ते शेत कसतात. शेताच्या व्यवहाराचा त्यांच्या स्वतःच्या नावावर असलेला घरातला हा पहिला कागद आहे. पेटीत, गटाच्या वहीखाली, त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे.

तुमच्या गटात यंदा काय ठरलं, ते आम्हाला नक्की कळवा. पेरणीच्या शुभेच्छा. जोहार.